सव्वादोनशे किलोंची जबाबदारी



नॉटिंगहॅमचं नाव घेतलं की कुणाला रॉबिन हूड आठवतो, कुणाला ट्रेंट ब्रिजचं मैदान. मोटरसायकलवर ज्यांचा जीव आहे त्यांनी मात्र इथला हेडन रोड लक्षात ठेवावा. जॉर्ज ब्रफ यांचा कारखाना या रस्त्यावर होता. १९१९ ते १९४० या काळात त्यांनी ‘ब्रफ सुपीरियर’ नावाच्या जेमतेम तीन हजार मोटरसायकली बनवल्या. इंजिन बाहेरून यायचं, जे. ए. पी.चं किंवा मॅचलेसचं. गिअरबॉक्स पुष्कळदा याच गावातल्या स्टर्मी-आर्चरचा असायचा. पण गाडी जुळवण्याची रीत खास त्यांची होती. प्रत्येक गाडी दोनदा जोडली जायची. पहिल्यांदा सगळे भाग बसवून ते एकमेकांशी नीट जुळतात का ते बघायचं, मग गाडी पुन्हा पूर्ण सुटी करायची, भागांना रंग आणि मुलामा द्यायचा, आणि त्यानंतर शेवटची जोडणी. ‘एसएस १००’ हे त्यांचं सर्वांत गाजलेलं मॉडेल ताशी शंभर मैलांनी धावेल, अशी हमी ते गिऱ्हाइकाला देत.

या गाड्यांचे सर्वांत प्रसिद्ध मालक म्हणजे टी. ई. लॉरेन्स, ज्यांना जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखतं. त्यांनी एकामागून एक सात ब्रफ घेतल्या, आठवीची मागणी नोंदवून ठेवली होती. मे १९३५ मध्ये डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळ, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना त्यांची गाडी पडली आणि सहा दिवसांनी ते गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि त्यातून आधी लष्करातल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. सर्वसामान्य लोकांसाठी तो कायदा ब्रिटनमध्ये यायला १९७३ साल उजाडलं.

हे सगळं मी सांगते आहे, कारण मोठी मोटरसायकल घेऊ पाहणारी आपली मराठी मुलं-मुली मला इथे वरचेवर भेटतात. लीसेस्टर, डर्बी, नॉटिंगहॅम या भागात नोकरीला आलेली. पहिला प्रश्न ठरलेला असतो, केवढ्याला मिळेल? ब्रफ यांच्या कारखान्यात गाडीवर जेवढं लक्ष दिलं जायचं, तेवढंच पुढे मालकाला द्यावं लागतं, वर्षानुवर्षं. त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आज त्याबद्दलच बोलणार आहे.

माझ्याकडे बीएमडब्ल्यूची आर १२०० जीएस आहे, २००७ सालची, सेकंडहँड घेतलेली. अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल म्हणतात ती ही जात. ताठ बसून चालवायची, रुंद हँडल, खड्डे पचवणारं लांब सस्पेन्शन, वीस लिटरची टाकी, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. या जातीची सुरुवात १९८० च्या आर ८० जीएस या गाडीपासून धरतात. २००४ साली इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट अशाच गाड्यांवरून लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कपर्यंत गेले. त्या प्रवासाची मालिका टीव्हीवर आली आणि ब्रिटनमध्ये घरोघरी माणसं या गाड्यांची स्वप्नं बघू लागली.

टाकी भरलेली असताना माझी गाडी सव्वादोनशे किलो भरते. पेट्या आणि सामान वेगळं. चालताना हे वजन कळत नाही, इंजिन खाली आणि आडवं असल्यामुळे गाडी अगदी हलकी वाटते. वजन कळतं ते थांबल्यावर. पेट्रोल पंपावरचा उतार, पार्किंगमधली खडी, ओल्या गवतावर उघडलेला साइड स्टँड. एकदा का ती ठराविक कोनाच्या पलीकडे कलली की कुणाच्याही बापाला थोपवता येत नाही, आणि थोपवू नये, पाय मोडतो. सोडून द्यावी. उचलण्याची मात्र रीत आहे. इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची, पाठ सीटला टेकवून उकिडवं बसायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरियरला, आणि पाठीने न उचलता पायांनी मागे मागे चालत जायचं. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी उघडून ठेवायचा, म्हणजे उभी राहिलेली गाडी दुसऱ्या बाजूला जात नाही. मी सव्वापाच फूट उंचीची बाई आहे आणि मी एकटी उचलते. इथल्या मोटरसायकल शाळेत हे शिकवतात. गाडी बघायला जाण्याआधी शिकून घ्या.

आता देखभाल. महाराष्ट्रात गाडीचा वैरी पावसाळा. इथे पाऊस बारा महिने असतोच, त्याचं काही विशेष नाही. इथला खरा वैरी मीठ आहे. थंडी पडू लागली की रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून कौन्सिलच्या गाड्या रात्री मीठ पसरतात. चेशर परगण्यात विन्सफर्डला जमिनीखाली मिठाची प्रचंड खाण आहे, देशातलं पुष्कळसं रस्त्याचं मीठ तिथून येतं. तपकिरी, खडबडीत. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना खाऱ्या हवेने खिडकीचे गज कसे खाल्ले जातात ते माहीत आहे. इथे ते मीठ पाण्यात विरघळून पुढच्या चाकाखालून थेट इंजिनावर उडतं. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात पोलादी बोल्ट असतात. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, की कमी टिकाऊ धातू झिजायला लागतो. दोन हिवाळे दुर्लक्ष केलं तर बोल्ट असा धरतो की पाना लावल्यावर डोकं तुटून हातात येतं, आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं.

उपाय साधे आहेत, पण ते त्याच दिवशी करावे लागतात. मीठ पडलेल्या रस्त्यावरून आल्यावर गाडी थंड पाण्याने धुवायची. गरम पाणी वापरू नका, उबेने मिठाचं काम जास्त जोरात चालतं. वाळली की गंजरोधक तेलाचा फवारा मारायचा, ब्रेकच्या डिस्क आणि टायर वाचवून. सुटा केलेला प्रत्येक बोल्ट परत बसवताना आट्यांना कॉपर ग्रीसचा पुसट हात द्यायचा, आणि टॉर्क रेंचनेच आवळायचा. मनगटाच्या अंदाजाने आवळू नका. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की परत येत नाहीत.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट तपासण्याचं, काम मला सर्वांत आवडतं. या गाडीची दोन सिलिंडरं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात, त्यामुळे टाकी उतरवावी लागत नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचं, झाकणाचे बोल्ट काढायचे, की व्हॉल्व्ह समोर. इंजिन थंडगार हवं, आदल्या रात्रीपासून उभं असलेलं. इनटेकला ०.१५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट ठेवायची. फीलर गेजची पट्टी मधून ओढताना किंचित अडखळली पाहिजे, एवढंच. ही फट कशाला? इंजिन तापलं की धातू वाढतो. फट बुजली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, धगधगता वायू त्याच्या कडेने निसटत राहतो आणि व्हॉल्व्ह जळतो. आवाजही न करता जळतो, म्हणून दर सहा हजार मैलांनी बघायचंच. एका सिलिंडरला चार, असे आठ व्हॉल्व्ह. आपल्याकडे नाक्यानाक्यावरचा मेस्त्री हे काम चहा येईपर्यंत करून देतो. इथे तासावर मजुरी लागते, आणि ती जबर असते. पण पैसे वाचतात म्हणून मी हे करत नाही. झाकण उघडलं की आतल्या तेलाच्या रंगावरून, कॅमच्या चकाकीवरून मला गाडीची प्रकृती कळते. दूरच्या ओसाड रस्त्यावर, जिथे तासभर दुसरी गाडी दिसत नाही, तिथे हीच माहिती उपयोगी पडते.

बाकी गोष्टी भराभर सांगते. ही गाडी शाफ्टवर चालते, चेन नाही. चेनची गाडी असेल तर ती पुसणं, तेल देणं आणि ताण बघणं हे सतत चालू राहतं. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदला. टायरच्या नक्षीची खोली मोठ्या गाडीला कायद्याने किमान १ मिलिमीटर लागते. मी तिथवर कधी वाट बघत नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सेकंडहँड गाडी घेताना ते वाचा, नक्षी भरपूर असूनही रबर म्हातारं असतं. पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. हिवाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा आणि बॅटरीला सांभाळणारा चार्जर लावा. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी. तिची फी ३० पौंडांच्या आत आहे, ती कधी चुकवू नका.

लायसन्सचं सांगायला हवं, कारण त्यात आपले लोक अडकतात. भारतातलं मोटरसायकलचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं. ते बदलून ब्रिटिश लायसन्स मिळत नाही. त्यानंतर इथलं कच्चं लायसन्स, एक दिवसाचं मूलभूत प्रशिक्षण, लेखी परीक्षा आणि चालवण्याच्या दोन परीक्षा. थेट मोठ्या गाडीची परीक्षा द्यायला वय २४ लागतं.

आणि आता चोरी. ही गोष्ट या गावात घडली आणि आपल्याच माणसाच्या बाबतीत घडली, म्हणून तिच्यावर थांबते. मुंबईचे योगेश आलेकरी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर घेऊन एकटे निघाले. मध्य आशिया, रशिया, तुर्कस्तान, युरोप असे सतरा देश आणि सुमारे २४ हजार किलोमीटर करत ते ब्रिटनमध्ये पोहोचले. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी ते नॉटिंगहॅमच्या वोलाटन पार्कमध्ये न्याहारीला थांबले. हरणं मोकळी फिरतात असं सुंदर, गजबजलेलं उद्यान आहे ते. तिथून दिवसाढवळ्या त्यांची गाडी गेली, आणि गाडीबरोबर पासपोर्ट, पैसे, कॅमेरे, सगळंच. एवढ्या सरहद्दी ओलांडून आलेला माणूस आपल्या गावात लुटला गेला, याचं आम्हा इथल्या मराठी लोकांना फार वाईट वाटलं. पुढे याच परगण्यातल्या मॅन्सफील्डमधल्या ‘द ऑफ रोड सेंटर’ या दुकानाने त्यांना त्याच जातीची दुसरी गाडी दिली. ओळख ना देख. या परगण्याची ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मला इथे नोंदवायची आहे.

गाडीचं स्वतःचं हँडल-लॉक म्हणजे संरक्षण नव्हे. जाड साखळी, ती जमिनीत पुरलेल्या कडीला किंवा खांबाला अडकवलेली, आणि डिस्कला वेगळं कुलूप. घराबाहेर उभी असेल तर वर साधं कव्हर. जी दिसत नाही तिच्याकडे कमी लोक वळतात. आणि पासपोर्ट नेहमी अंगावर ठेवायचा, गाडीच्या पेटीत कधीही नाही.

आलेकरींच्या गाडीबद्दल आणखी एक. तिचं इंजिन चारशे सीसीच्याही आतलं. ३९० च्या या गाड्या चाकणला बनतात. मॅकग्रेगर आणि बूरमन यांच्यासोबत क्लॉडियो फॉन प्लांटा हे कॅमेरामन होते. मंगोलियात त्यांची बीएमडब्ल्यू निकामी झाली, तेव्हा तिथेच एक साधी, छोटी रशियन मोटरसायकल विकत घेतली गेली. वाळूत, चिखलात ती त्या दोन अवजड गाड्यांपेक्षा सोपी ठरली. त्याही आधी, १९७३ ते ७७, टेड सायमन यांनी पाचशे सीसीच्या ट्रायंफवर जगाला फेरी घातली, त्यात भारतही आला. जग बघायला बाराशे सीसी लागत नाहीत. मग मी का ठेवली? दोघांनी बसून, सामानासकट, वाऱ्यापावसात दिवसाला चारशे मैल तोडायचे तर तिच्यासारखी गाडी नाही, आणि आम्ही तेच करतो. तुम्ही रविवारी मॅटलॉक बाथपर्यंत जाऊन, नदीकाठी उभ्या असलेल्या शेकडो गाड्या बघून परत येणार असाल, तर अर्ध्या वजनाची गाडी घ्या. खर्च कमी येईल आणि ती तुम्ही जास्त चालवाल.

मोठीच घ्यायची ठरली असेल, तर वसंत ऋतूची वाट बघू नका, तेव्हा सगळेच घेतात आणि भाव चढतात. नोव्हेंबरात जुनी, सर्व्हिसच्या पावत्या असलेली गाडी घ्या. पहिला हिवाळा तिला गॅरेजमध्ये ठेवा आणि तेल बदलणं, ब्रेक पॅड बदलणं, टॅपेट बघणं ही तीन कामं स्वतःच्या हाताने शिका. कुणी शिकवणारं नसेल तर नॉटिंगहॅमला या, मी शिकवीन.