सदाफुली आणि हाडाचा कर्करोग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, भरतकाम किंवा बालसंगोपन यांविषयी ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला आरोग्यावर बोलायला सांगितले. आपल्या वस्तीतल्या एका शाळकरी मुलाच्या आजारपणामुळे गेले वर्षभर आपल्यात एकच प्रश्न चालला आहे : झाडपाल्याने हाडाचा कॅन्सर बरा होतो का? कुणी त्याच्या आईला सदाफुलीची पाने सुचवली, कुणी हळदीचे दूध, कुणी कसला काढा. सर्वांचा हेतू चांगला होता, पण ती माउली मात्र गोंधळून गेली. म्हणून हाच विषय घेतला. मी सातवी शिकलेली, तेव्हा जड शब्द माझ्याकडून येणार नाहीत. जे नीट समजून घेतले तेवढेच सांगते.

सुरुवात सदाफुलीपासूनच करू. वाशी-नेरूळच्या कुठल्याही गॅलरीत पाहा, एका कुंडीत सदाफुली असतेच. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. जमैकात लोक मधुमेहावर त्याच्या पानांचा काढा घेत. १९५२ साली ती पाने कॅनडातल्या डॉक्टर रॉबर्ट नोबल यांच्याकडे तपासायला आली. साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या जनावरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या. शोधायला गेले एक आणि हाती लागले दुसरेच! नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ पर्यंत त्यातून व्हिन्ब्लास्टिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. त्याचेच भावंड व्हिन्क्रिस्टिन. ते १९६३ पासून अमेरिकेत औषध म्हणून मिळू लागले.

आता हाडाकडे वळू. हाडात सुरू होणारे कर्करोग थोडे असतात, पण त्यांतले काही बहुधा वाढत्या वयातल्या मुलांना होतात. त्यांतले मुख्य दोन : ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा. युइंगच्या औषधांत व्हिन्क्रिस्टिन हे एक ठरलेले औषध आहे. दुसरे एक इटोपोसाइड. त्याचे मूळ बनककडीच्या जातीच्या झाडांत आहे, आणि बनककडी आपल्या हिमालयात उगवते. म्हणजे झाडापासूनचे औषध हाडाच्या कर्करोगावर चालते, ही गोष्ट खरीच आहे.

ते काम कसे करते? पेशी एकीच्या दोन होताना आत बारीक धागे तयार होतात आणि ते वाटणी करतात. व्हिन्क्रिस्टिन ते धागेच जुळू देत नाही. इटोपोसाइडची तऱ्हा निराळी. गुंता झालेला दोरा आपण तोडतो, सोडवतो आणि पुन्हा गाठ मारतो, तसेच पेशीतही चालते. हे औषध तोडल्यानंतरची गाठ मारू देत नाही. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून मार त्यांना जास्त बसतो. पण केसांच्या मुळांना आणि रक्तालाही थोडा बसतोच.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेले. तेथे मनरो वॉल यांच्यासह त्यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली एका सूचिपर्णी झाडाच्या सालीतून टॅक्सॉल शोधले. तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही असल्याचे १९७२ साली दिसून आले. मूळ द्रव्य फार विषारी निघाले. त्यात फेरफार करून इरिनोटेकान बनवले, आणि युइंग उलटून आला तर डॉक्टर ते वापरतात. पण मागणी वाढली तशी नरक्याची बेसुमार तोड झाली, हेही सांगायला हवे.

मग कुणी म्हणेल, पाने कुंडीतच आहेत, वाटून द्यायला काय हरकत? हरकत मोठी आहे, बायांनो! एक ग्रॅम औषध काढायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. उलट व्हिन्क्रिस्टिन एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, आणि तेही शिरेतूनच, मोजूनमापून. तेवढ्यानेही हातापायांना मुंग्या येतात, सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, शौचास खडा होतो. पानांत कुठले विष किती, हे आपल्या पाट्यावरवंट्याला कसे कळावे? सदाफुली देवाला वाहावी, पोटात घेऊ नये.

हळदीचेही तसेच. तिच्यातल्या कुरक्युमिनने काचेच्या बशीतल्या हाडाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, हे प्रयोगांत दिसले आहे. पण खाल्लेल्या कुरक्युमिनपैकी फारच थोडे रक्तात उतरते. बशीतली पेशी मारणे वेगळे आणि मूल बरे करणे वेगळे. आमटीत हळद घाला, पण उपचार म्हणून तिच्यावर विसंबू नका. ऑस्टिओसार्कोमाची मुख्य औषधे तर झाडापासूनची नाहीतच.

तेव्हा आपण काय करावे? पोराचे गुडघ्याजवळचे किंवा दंडाचे दुखणे दोन-तीन आठवड्यांत ओसरले नाही, रात्री वाढले, सूज आली, तर ‘खेळताना लागले असेल’ म्हणून तेल चोळत बसू नये. साधा एक्स-रे काढावा. त्यात शंका आली तर तुकडा तपासायला काढणे आणि पुढची शस्त्रक्रिया ही दोन्ही कामे शक्यतो एकाच जाणत्या ठिकाणी व्हावीत. आपल्या खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक आहे. तेथे रुग्णालय आणि संशोधन दोन्ही चालते. देशभरातून लोक तेथे येतात, आपल्याला तर ते हाकेच्या अंतरावर आहे. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या समाजसेविकेला भेटावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांना मदत मिळते.

आणि घाबरून घरी बसू नये. १९७० पूर्वी हाडाच्या कर्करोगात पाय कापूनही दहांपैकी जेमतेम दोन मुले वाचत. आज रोग पसरण्याआधी गाठला आणि औषधे पूर्ण केली, तर चांगल्या ठिकाणी सहा-सात वाचतात. पुष्कळांचा पायही वाचतो.

उपचार जवळजवळ वर्षभर चालतात. त्या काळात घरच्यांना आपल्या सल्ल्यापेक्षा आपल्या हातांची गरज अधिक असते. डबा द्यावा, धाकट्या भावंडाला सांभाळावे, रक्तदानाला आपल्या माणसांना पाठवावे. मुलाला ताप आला तर कितीही वाजले असोत, आईबरोबर रुग्णालयात जावे, कारण अशा वेळी तापाला उशीर चालत नाही. आणि काही काढा-चूर्ण चालू असेलच, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, असे तिला मायेने सांगावे.

झाडांनी औषध दिले, माणसांनी ते शोधून, गाळून, मोजून घेतले. या दोन्हींचा मान ठेवू या.