राज्याचा रकाना चुकला तर
अमेरिकेत नोकरदाराला ३१ जानेवारीपर्यंत डब्ल्यू-२ मिळतो. आपल्याकडच्या फॉर्म १६ सारखाच कागद, पण त्यावर केंद्राच्या कराबरोबर राज्याचाही कर असतो.

समजा, पुण्याहून गेलेली एक संगणक अभियंता जुलैत न्यू जर्सी सोडून टेक्सासला राहायला गेली. कामही घरूनच. पगारपत्रकात मात्र जुनंच राज्य राहिलं. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही, न्यू जर्सीत आहे. सहा महिने नाहक कपात!

चूक असते १५ ते १७ या रकान्यांत: राज्य, तिथला पगार, तिथला कर. त्यासाठी कंपनी डब्ल्यू-२सी भरते. त्यात आधीचा आकडा आणि बरोबर आकडा शेजारी शेजारी लिहायचे. बदल फक्त राज्यापुरता असेल, तर हा फॉर्म सोशल सिक्युरिटी प्रशासनाकडे पाठवायचा नसतो. तो राज्याच्या करखात्याकडे आणि कर्मचाऱ्याकडे जातो.

बेकारी विम्याची तिमाही विवरणंही राज्यागणिक वेगळी. तीही कंपनीलाच दुरुस्त करावी लागतात. आणि तिने न्यू जर्सीचं विवरण आधीच भरलं असेल, तर सुधारित विवरण भरून जादा कापलेला कर परत मागायचा.