अकरावीत अडलेली मुलं



दहावीचा निकाल लागला की घरोघरी कट-ऑफची चर्चा सुरू होते आणि प्रवेश मिळाला की ती संपते. पुढचं सगळं आपोआप होईल असं आपण धरून चालतो. पण त्यातलीच काही मुलं दिवाळीच्या आसपास सकाळी उठेनाशी होतात. कधी पोट दुखतं, कधी ‘आज लेक्चरच नाहीत’ असं उत्तर मिळतं. मग घरात दोन तट पडतात. एकाच्या मते हा निव्वळ आळस आहे, दामटून पाठवलं पाहिजे. दुसऱ्याच्या मते पोर दमलंय, काही दिवस राहू द्यावं. माझं म्हणणं असं आहे की कारण शोधण्याआधीच उपाय ठरवण्याची घाई दोन्ही तट करतात. शाळा टाळणाऱ्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कर्नी यांनी या टाळण्यामागचे चार हेतू वेगळे काढले आहेत. तिथल्या वातावरणाने येणारी अस्वस्थता चुकवणं, चारचौघांत बोलण्याच्या किंवा परीक्षेच्या प्रसंगातून सुटणं, घरच्या माणसांचा सहवास मिळवणं, आणि बाहेरच्या अधिक सुखाच्या गोष्टीकडे ओढलं जाणं. वर्गात उभं राहून उत्तर देण्याच्या धास्तीने घरी बसलेली मुलगी आणि मित्रांबरोबर भटकणारा मुलगा, दोघांची हजेरी सारखीच कमी भरते. दोघांना एकच औषध दिलं तर निदान एकाचं तरी नुकसान होणार.

आपल्या राज्यात हे अकरावीत का उफाळतं, ते पाहण्यासारखं आहे. सत्तरच्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीला कनिष्ठ महाविद्यालय हे नाव मिळालं. सोळा वर्षांचं मूल एका उन्हाळ्यात ‘विद्यार्थी’चं ‘कॉलेजकुमार’ होतं. शाळेत नावानिशी ओळखणाऱ्या बाई असतात. इथे मोठी तुकडी असते, आणि कोण आलं नाही हे चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलावर तर दुहेरी ओझं पडतं. दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘संप्लवन’ शिकलेल्या मुलाला विज्ञान शाखेत सगळा विषय इंग्रजीत समोर येतो. नव्वद टक्के मिळवलेला मुलगा पहिल्या चाचणीत आपटतो आणि आपण मुळातच हुशार नव्हतो असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. त्याला विषय समजत नसतो असं नाही, वाक्य समजत नसतं. पण हे घरी सांगायची लाज वाटते, कारण घरच्यांनी गावभर पेढे वाटलेले असतात. त्यात क्लास आणि कॉलेज यांचे ‘टाय-अप’. मूल कागदावर एका कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये. २०१८ मध्ये शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, तो याच कारणाने. जिथे गैरहजेरी हीच रीत झाली आहे, तिथे खरोखर खचलेलं मूल कुणाला ओळखू येणार?

कधी कारण शरीरात आणि मनात असतं. किशोरवयात झोपेचं चक्रच पुढे सरकतं. सकाळी सातच्या लेक्चरला पेंगणाऱ्या मुलावर सगळा दोष टाकता येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळलं. म्हणजे ऐंशी मुलांच्या वर्गात पाच-सहा. मूल आवडत्या खेळापासूनही दूर झालं, जेवण-झोप बिघडली, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, तर कॉलेजचा विषय त्या दिवशी बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञाला गाठावं. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो लाडाचा. इतकं समजून घेत बसलो तर मूल कायमचं घरी बसेल! या भीतीत तथ्य आहे, ती झटकून टाकू नये. भीती वाटणारी जागा टाळली की त्या क्षणी सुटका वाटते आणि ती सुटकाच पुढच्या वेळी टाळायला शिकवते. म्हणून ‘बरं वाटलं की जाईल’ हे धोरण मलाही मान्य नाही. पण धाक दाखवून पाठवलेलं मूल कॉलेजच्या फाटकापर्यंत जातं आणि तिथून बागेत जाऊन बसतं. मानसोपचारात जी पद्धत वापरतात ती पायरीपायरीची आहे. आधी ज्या विषयाची कमीत कमी धास्ती आहे त्याचं एकच लेक्चर, मग दोन, मग प्रॅक्टिकल. सोबत कारणावर काम. इंग्रजी अडत असेल तर दोन्ही भाषांतल्या संज्ञांची वही आणि ती समजावणारं माणूस, रॅगिंग असेल तर प्राचार्यांकडे लेखी तक्रार. यात मुलाकडून अपेक्षा ठेवणं सुटत नाही, फक्त ती त्याला झेपेल एवढ्या मापात येते.

दुसरा आक्षेप वर्ष वाया जाण्याचा. निम्न मध्यमवर्गीय घरात, जिथे फी कर्ज काढून भरलेली असते, तिथे हा आक्षेप हलका नाही. तरी वाटा मोजून पाहाव्यात. दहावीनंतर आयटीआय आहे, तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे आणि त्या पदविकेवरून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावीला खासगीरीत्या बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी उभं आहे. शाखा चुकली हे कारण निघालं, तर विज्ञानाकडून कलेकडे वळणं ही अधोगती मानायचं आपणच थांबवलं पाहिजे. मात्र शाखा बदलण्याचा निर्णय कारण कळल्यावर घ्यावा. केवळ घाबरलेलं मूल नव्या कॉलेजातही घाबरलेलंच राहील.

आणि हे सगळं ओझं आईवडिलांच्याच डोक्यावर का? सलग आठवडाभर न आलेल्या विद्यार्थ्याच्या घरी वर्गशिक्षकाने फोन करायला कोणत्याही नव्या योजनेची किंवा निधीची गरज नाही. आज फोन जातो तो फेब्रुवारीत, पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेला बसू देणार नाही हे कळवण्यासाठी. हाच फोन ऑगस्टमध्ये गेला पाहिजे, आणि त्यात पहिली विचारणा मुलाच्या तब्येतीची असली पाहिजे. प्रवेश घेताना प्रत्येक पालकाने कॉलेजला हे विचारावं: माझं मूल आठ दिवस आलं नाही, तर तुमच्याकडे ते कुणाच्या लक्षात येईल?