पाण्यातल्या वाटेची डागडुजी कोण करतं?

आजचा भाग एकट्याचाच आहे, पाहुणे कोणी नाहीत. मागच्या दोन-तीन भागांत आपण डोंगरातल्या वाटांबद्दल बोललो. तेव्हा एका श्रोत्याने विचारलं होतं, की पाण्यातूनही अशी लांब पल्ल्याची वाट असते का? असते. आणि तिची देखभाल करणारी जी पोरं आहेत, त्यांच्याबद्दल मला आज बोलायचंय.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात 'नॉर्दर्न फॉरेस्ट कनू ट्रेल' नावाची एक जलवाट आहे. कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट, निमुळती, उघडी होडी. न्यूयॉर्क राज्यातल्या ओल्ड फोर्ज या गावापासून ही वाट निघते. मग व्हरमाँट, थोडीशी कॅनडातल्या क्विबेकमधून, परत व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर आणि शेवटी मेनमधल्या फोर्ट केंट गावात संपते. एकूण ७४० मैल, म्हणजे साधारण ११९० किलोमीटर. मध्ये वीसेक नद्या आणि साठेक तळी लागतात. सलग करणाऱ्याला महिना-दीड महिना लागतो, आणि सोबत पासपोर्टही लागतो, कारण मिसिस्कॉय नदी मध्येच सीमा ओलांडते.

आता, नद्या काही आपल्या सोयीने एकमेकींना जोडलेल्या नसतात. एक नदी संपली की पुढचं तळं दिसेपर्यंत होडी खांद्यावर घ्यायची आणि जंगलातून चालायचं. याला तिथे 'कॅरी' म्हणतात. अशा साठाहून जास्त कॅरी आहेत, आणि सगळ्या मिळून सुमारे ५५ मैल. म्हणजे 'पाण्यातली वाट' म्हणताना जवळजवळ ९० किलोमीटर होडी तुमच्यावर बसलेली असते!

यातली एक कॅरी प्रसिद्ध आहे. मेनमधली मड पाँड कॅरी. जवळजवळ दोन मैल, आणि नावाप्रमाणेच चिखल. १८५७ साली हेन्री डेव्हिड थोरो तिथे रस्ता चुकले होते. हो, तेच थोरो, ज्यांचा सविनय कायदेभंगावरचा निबंध गांधीजींनी वाचला होता. त्यांच्यासोबत जो पॉलिस नावाचे पेनॉब्स्कॉट जमातीचे वाटाडे होते. पॉलिस पुढे बरोबर गेले, थोरो आणि त्यांचे मित्र दुसऱ्याच पायवाटेने दलदलीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण या वाटा मुळात पेनॉब्स्कॉट, अबेनाकी अशा लोकांच्या. नव्वदच्या दशकात काही अभ्यासकांनी जुन्या जलमार्गांचा शोध घेऊन ते नकाशावर जोडले. पुढे २००० साली के हेन्री आणि रॉब सेंटर या दोघांनी, ज्यांचा आधी कनू बनवण्याचा व्यवसाय होता, वाट सांभाळण्यासाठी संस्था काढली. २००६ मध्ये वाट रीतसर खुली झाली. संस्थेचं ऑफिस व्हरमाँटमधल्या वेट्सफील्ड या छोट्या गावात आहे.

एवढ्या लांब वाटेला कायमस्वरूपी माणसं मोजकीच. म्हणून दर उन्हाळ्यात इंटर्न येतात. बहुतेक कॉलेजची मुलंमुली. जूनच्या आसपास येतात, कॉलेज सुरू व्हायच्या सुमारास परत जातात. त्यांना मानधन मिळतं. ते कामाच्या जागीच तंबू ठोकून राहतात, स्वयंपाक स्वतः करतात, आणि काळ्या माश्या आणि डासांना रक्तदानही करतात.

काम काय असतं? मीही स्वयंसेवक म्हणून एका शनिवार-रविवारी गेलो होतो. संस्था उन्हाळ्यात असे कामाचे दिवस ठेवते, कुणीही जाऊ शकतं. आमचं काम होतं नदीकाठावर दगडी पायऱ्या बसवायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण काठ कसा बिघडतो ते बघा. होडी एका जागी लागते. माणसं उतरतात, माती घसरते. झाडांची मुळं उघडी पडतात. पुढचा माणूस म्हणतो, इथे निसरडं आहे, जरा बाजूला लावू. मग तीही जागा घसरते. चार-पाच वर्षांत दोन हातांची जागा वीस हातांची होते, माती नदीत जाते आणि झाड आडवं होतं. यात वाईट कुणीच वागलेलं नसतं. प्रत्येकाने फक्त पाऊल जरा बाजूला टाकलेलं असतं.

पायरीचं काम एवढंच, की सगळ्यांचं पाऊल एकाच जागी पडावं. त्यासाठी खालून सुरुवात करायची. सगळ्यात मोठा दगड तळाला, अर्धा जमिनीत पुरलेला. त्याच्या पाठीवर पुढचा. मागे खडी ठोकून भरायची. दगड दोन-दोनशे किलोचे. ते हलवायला पहार आणि हाताने ओढायचं तारेचं यंत्र. जंगलात जेसीबी येत नाही. दगड बसला की त्यावर उभं राहून नाचायचं. जरासा जरी डुगडुगला तरी काढायचा आणि परत बसवायचा. आमच्या गटाची प्रमुख एकवीस वर्षांची मुलगी होती. मी तिसऱ्यांदा "आता चालेल ना?" विचारल्यावर ती म्हणाली, "तुमच्या वजनाला चालेल. खांद्यावर होडी घेऊन, पावसात, संध्याकाळी सात वाजता दमून आलेल्या माणसाला चालेल का?" आम्ही दगड काढला.

दोन दिवसांत सहा माणसांच्या पाच पायऱ्या झाल्या. पाच!

बाकीची कामंही अशीच. मुक्कामाच्या जागी लोकांनी ठिकठिकाणी पेटवलेल्या चुली मोडून एकच ठेवायची. नसत्या पायवाटांवर फांद्या टाकून त्या बंद करायच्या. दलदलीत देवदाराच्या ओंडक्यांचे साकव टाकायचे, कारण ते लाकूड लवकर कुजत नाही. पाण्यापासून लांब खड्ड्याचा संडास बांधायचा. आणि दिशादर्शक पाट्या लावायच्या. थोरोंच्या वेळी नव्हत्या त्या.

पश्चिमेकडच्या ॲडिरॉन्डॅक भागातल्या तळ्यांवर आणखी एक हंगामी काम असतं, ते दुसऱ्या संस्था करतात. तिथे धक्क्यावर उभी असलेली मुलं होड्या तपासतात. 'मिलफॉइल' नावाची एक बाहेरून आलेली पाणवनस्पती आहे. तिचा एक तुकडा जरी होडीला चिकटून दुसऱ्या तळ्यात गेला, तरी तिथे ती रुजते. जलपर्णीने भरलेली नदी ज्यांनी पुण्यात पाहिलीय त्यांना जास्त सांगायला नको. वनस्पती वेगळी, पण उपद्रव तसाच.

आता मुद्द्याकडे येतो. मला हे महत्त्वाचं का वाटतं?

डोंगरातली वाट एका जागी बंद झाली तर वळसा घालता येतो. नदीला वळसा नाही. ही वाट म्हणजे एका ओळीत जोडलेले दिवे, एक गेला की पुढचा सगळा अंधार. आणि वाटेचा मोठा भाग खासगी जमिनीतून जातो. कुठे शेतकऱ्याचा काठ, कुठे लाकूड कंपन्यांचं जंगल. त्यांनी परवानगी दिलीय ती निव्वळ चांगुलपणाने. त्यांच्या काठावर कचरा साचला, माणसं कुठेही शौचाला बसू लागली, की मालक साखळी लावतो आणि पाटी ठोकतो. त्याचं चुकत नाही. मग त्या नदीवर उतरायचं कुठे? म्हणून तो लाकडी संडास, ती एकच चूल, त्या पाच पायऱ्या म्हणजे मालकाला दिलेला शब्द आहे, की तुझ्या जमिनीची काळजी आम्ही घेतोय. आणि तो शब्द पाळण्याचं काम आपण वीस-एकवीस वर्षांच्या, तीन महिन्यांसाठी आलेल्या मुलांवर सोपवलंय.

आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातही उन्हाळ्यात इंटर्न येतात. त्यांना बहुतेक वेळा काहीतरी नवीन, चकचकीत करायला देतात. शेवटच्या आठवड्यात डेमो, टाळ्या, आणि दोन महिन्यांत तो कोड कुणीतरी काढून टाकतं. जुनं चालू ठेवण्याचं काम कुणाला नको असतं, त्याला टाळ्याही नसतात. इथे नेमकं उलटं दिसलं. इंटर्नला पहिल्याच दिवशी डागडुजीचं काम, आणि त्याने बसवलेला दगड तो आजोबा होईपर्यंत तिथे राहू शकतो.

'राहू शकतो' असं मी जपून म्हणतोय. २०२३ च्या जुलैत, १० आणि ११ तारखेला व्हरमाँटमध्ये भयंकर पूर आला. रस्ते वाहून गेले, राजधानी माँटपीलियरमध्ये दुकानांत पाणी शिरलं. आणि बरोबर वर्षाने, २०२४ मध्ये त्याच तारखांना पुन्हा पूर आला. मी त्या मुलीला विचारलं होतं, पुढच्या पुरात हे सगळं गेलं तर? ती म्हणाली, "दगड गेला तर खाली कुठेतरी सापडेल. परत वर आणू." मला वाटलं गंमत करतेय. ती गंभीर होती.

मी त्यावर बराच विचार केला. तिचा उत्साह मला आवडला, पण फक्त तिच्या उत्साहावर विसंबून राहणं मला पटत नाही. एक उन्हाळा मोजक्या मानधनावर काढणं प्रत्येक विद्यार्थ्याला परवडत नाही, शैक्षणिक कर्ज असलेल्याला तर नाहीच. पुरांनी काम वाढतंय. आणि वापरणारे आपण, आपल्याला या वाटेचं तिकीट नाही, फाटक नाही. जे फुकट असतं ते आपोआप होत असेल असं आपण धरून चालतो.

बॉस्टन आणि आसपासची आपली बरीच मराठी मंडळी उन्हाळ्यात होड्या भाड्याने घेऊन या नद्यांवर जातात. फोटोही छान येतात. त्यांना माझी एकच विनंती आहे. वर्षातल्या पाच सहलींपैकी एक सहल कामाची करा. श्रमदान हा शब्द आपल्याला नवा नाही. गावातली विहीर उपसायला, गडावरचं टाकं साफ करायला आपल्यातले कित्येक जण गेलेत. इथेही पहार तीच आहे आणि पाठ तशीच दुखते. आणि ते जमणारच नसेल, तर निदान होडी पायऱ्यांपाशीच लावा, निसरडं वाटलं तरी बाजूला लावू नका. आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाण्याआधी ती धुऊन, वाळवून घ्या. एवढ्यानेही कुणातरी इंटर्नचा एक दिवस वाचतो.

पुढच्या भागात मेनच्या फ्लॅगस्टाफ तळ्याबद्दल बोलू. ही वाट त्या तळ्यावरून जाते, आणि तळ्याच्या तळाशी १९५० साली धरणात बुडालेलं त्याच नावाचं गाव आहे. धरणात गाव जाणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. तोवर, काळजी घ्या. भेटू.