दोन रुपयांचे निर्माते

(गणेशोत्सवात मंडळाच्या बडोद्यातील सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे, मोठ्या नटांचे सुरुवातीचे कमी खर्चातले सिनेमे. यादी वाचत बसलो तर आरतीची वेळ होईल. म्हणून एकच घेतो, आपल्या शेजारच्या आणंदशी नातं असलेला. श्याम बेनेगल यांचा १९७६चा ‘मंथन’.

सहकारी दूध चळवळीवर सिनेमा काढायचा, पण पैसा कोण घालणार? व्हर्गीस कुरियन यांनी तोड काढली. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी दुधाच्या पैशातून प्रत्येकी २ रुपये द्यायचे. झाले १० लाख! पुढे हीच मंडळी ट्रक भरभरून ‘आपला’ सिनेमा बघायला आली. पैसे घालून वर तिकीटही काढणारे निर्माते मी तरी दुसरे ऐकलेले नाहीत.

पटकथेत आपले विजय तेंडुलकर होते, कॅमेरा गोविंद निहलानींचा, चित्रीकरण राजकोटजवळच्या सांगणवा गावात. आणि बिंदूच्या भूमिकेत विशीतली स्मिता पाटील.

स्मिता तोवर मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी मुलगी म्हणून लोकांना ठाऊक. ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ झाले होते, पण मला विचाराल तर तिची खरी ओळख पटते ती बिंदूत. म्हशीवर पोट असलेली, फटकळ, शहरातून आलेल्या डॉक्टरला दारातूनच परतवणारी बाई. पुढे तिचाच अंगठा डॉक्टरविरुद्धच्या खोट्या कागदावर घेतला जातो. तेव्हाचा तिचा चेहरा बघा, संवादाची गरजच राहत नाही. चित्रीकरण बघायला आलेल्या पोरांनी “हिरॉईन कुठाय?” म्हणून विचारलं आणि गावच्या बायकांत बसलेली स्मिता दाखवली तर त्यांना पटेना, असा किस्सा सांगतात. मला तो खराच वाटतो. पुढच्याच वर्षी ‘भूमिका’ आला आणि त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नसीरुद्दीन शाह यांचीही ही सुरुवातच होती. त्यांचा भोळा शेवटी, डॉक्टर गाव सोडून गेल्यावर, सोसायटी पुढे चालवायला उभा राहतो. अमरीश पुरी, कुलभूषण खरबंदा हेही त्यात आहेत. १० लाखांत एवढं गणगोत!

२०२४ साली याच सिनेमाची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. ते २ रुपये देणारे त्या वेळी किती हयात होते, कोण जाणे.

आता थोडं घरचं बोलतो, रागावू नका. वर्गणी आपणही देतो. पण गेली काही वर्षं ती रोषणाईत आणि भाड्याच्या ऑर्केस्ट्रात जाते. मुलांच्या एकांकिकेला उरतो अर्धा तास आणि एक माइक, तोही खरखरणारा. पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा एक दिवस कमी करून ते पैसे नाटकाला द्यावेत, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे लेखी दिला आहे. सह्या हव्या आहेत. कागद दाराशी प्रसादाच्या टेबलावर ठेवलाय.

विंगेतून मुलं खुणा करताहेत. पहिली घंटा झाली, मी खाली उतरतो.