प्रकाशतंतूच्या टोकाशी

(शिरोडा येथे पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्या सभेत केलेले भाषण)



ग्रामपंचायतीत प्रकाशतंतू आला, की आपण केवळ तारेविषयी बोलू लागतो. किती किलोमीटर चर खणला, कोठे तुटली, रस्त्याच्या कामात कोणी तोडली, इत्यादी. वस्तुतः ती तार म्हणजे केसासारखी बारीक काच. ती स्वतः काहीच बोलत नाही. एका टोकास कोणी तरी दिवा लावावा लागतो आणि दुसऱ्या टोकास तो कोणी तरी पाहावा लागतो. ही दोन्ही कामे करणाऱ्या, बोटभर लांबीच्या एका उपकरणाचा परिचय करून देण्याचा आज विचार आहे. त्यास ट्रान्सीव्हर म्हणतात. आपण त्याला प्रेषग्राहक म्हणू. मी कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे अवघड गणिताच्या वाटेस जाणार नाही, याची खात्री बाळगावी.

वेंगुर्ल्याच्या खडकांवरील दीपगृह आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. दीपगृह सांगते, पण ऐकत नाही. खलाशी पाहतो, पण त्या दिव्याला उत्तर देत नाही. प्रेषग्राहकात दीपगृह आणि खलाशी एकाच डबीत बसविलेले असतात. संगणकाकडून येणारे विजेचे स्पंद एका सूक्ष्म लेसरला मिळतात व तो त्या तालावर उजळतो आणि मंदावतो. पलीकडून आलेला प्रकाश एका अर्धवाहक चकतीवर पडतो व तिच्यातून पुन्हा वीज निघते.

आपल्या देशात दूरध्वनी केंद्रांना जोडणारी अशी पहिली वाहिनी १९७९ साली पुण्यात सुरू झाली. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायती जोडण्याची योजना मंजूर केली. तीच २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखली जाते. तिच्या पहिल्या टप्प्यात जी पद्धत वापरली गेली, तिचे नाव जीपॉन. दूरध्वनी केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत विभाजकाने फोडून अनेक पंचायतींना दिला जातो. केंद्रातील यंत्रात प्रेषग्राहक खोवून बसविलेला असतो व यंत्र बंद न करता तो बदलता येतो. पंचायतीतील पेटीत मात्र तो बहुधा आतच जडविलेला असतो.

येथे शिक्षकांना एक शंका येईल. तंतू एकच, मग जाणारे व येणारे संदेश एकमेकांवर आदळत नाहीत काय? नाही, कारण दोघांचे रंग वेगळे आहेत. केंद्राकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर लांबीच्या तरंगांचा, तर पंचायतीकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो. डबीतील एक पातळ गाळणी एकास आत घेते व दुसऱ्यास बाहेर सोडते. येणाऱ्या प्रवाहात सेकंदाला सुमारे २४९ कोटी स्पंद असतात, जाणाऱ्यात सुमारे १२४ कोटी. हे स्पंद साऱ्या पंचायतींच्या वाट्याचे मिळून असतात. जाताना प्रत्येक पंचायतीने आपली पाळी येईपर्यंत लेसर विझवून ठेवावयाचा असतो. ग्रामसभेत अध्यक्षांनी नाव पुकारल्यावरच उठून बोलावे, तसाच हा प्रकार. एखादी बिघडलेली पेटी पाळी नसताना बोलू लागली, तर शेजारच्या पंचायतींचाही खोळंबा होतो. दोष एका गावात आणि तक्रार मात्र पाच गावांतून, असे त्यामुळे घडू शकते.

आता आपल्या कामाचा मुद्दा. वीस किलोमीटर काचेतून गेल्यावर या प्रकाशाचा साधारण तिसरा हिस्सा उरतो. आठ वाटा करणाऱ्या विभाजकातून त्याचाही आठवा भाग आपल्या वाट्यास येतो. तरीही प्रेषग्राहक तो वाचू शकतो. जीपॉनमधील प्रचलित वर्गाच्या पेटीस एका वॅटचा पाच लाखावा भाग एवढा प्रकाश पुरतो. परंतु याहून कमी झाला, की सारे ठप्प. उतारा निघत नाही, दाखला निघत नाही, आणि माणूस मजुरी बुडवून परत जातो.

प्रकाश कमी का होतो? तार तुटणे हे एक कारण झाले. दुसऱ्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तंतूचा जो गाभा प्रकाश वाहतो, तो सुमारे नऊ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही किंचित अरुंद आहे. जोडणीच्या टोकावर धुळीचा एक कण बसला, तरी तो झाकला जातो. शिरोडा हे मिठागरांचे गाव. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह येथेच झाला. मीठ हवेतील ओल कसे ओढून घेते, हे येथे कोणास सांगावयास नको. खारी हवा टोके मळविते व धातूचे भाग गंजविते. म्हणून काढलेल्या टोकावर रबरी टोपी तत्काळ बसवावी व पेटी खिडकीपाशी ठेवू नये. हिरव्या रंगाच्या जोडणीचे टोक तिरके घासलेले असते, निळीचे सरळ. ती एकमेकांत जोडू नयेत. आणि टोकात डोकावून तर मुळीच पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, तथापि डोळ्यांस इजा करू शकतो.

पेटीवर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला, तर केंद्राचा प्रकाश पोहोचत नाही, असे समजावे. तो लागलेला नसतानाही काम रखडत असेल, तर दुरुस्तीस येणाऱ्या तंत्रज्ञास एकच प्रश्न विचारावा : येथे किती डीबीएम मिळते? उत्तर वर सांगितलेल्या वर्गाच्या पेटीसाठी उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असावे. उणे २६ म्हणजे काठावरचा कारभार. पावसाळा सुरू होण्यापूर्वीच टोके पुसून घ्यावीत व सांधे तपासून घ्यावेत. तीन डीबी घटले, म्हणजे प्रकाश निम्मा झाला, एवढे गणित पुरेसे आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात पंचायती वर्तुळाकार जाळ्यात जोडावयाच्या आहेत. एका बाजूची तार तुटली, तरी दुसऱ्या बाजूने वाट उरावी, हा त्यामागील हेतू. मात्र अशा जाळ्यातही दोन्ही बाजूंचे प्रेषग्राहक शाबूत असावे लागतात व त्यांना वीज मिळावी लागते. वादळी रात्री वीज गेली, की तार अखंड असूनही दिवा विझतो. तेव्हा बॅटरीची स्थिती आणि डीबीएमचा आकडा, या दोन गोष्टी दरमहा पहिल्या तारखेस पंचायतीच्या नोंदवहीत लिहून ठेवाव्यात. आकडा दर महिन्यास खाली सरकताना दिसला, तर संपर्क तुटण्याची वाट न पाहता ती नोंद जोडूनच तक्रार पाठवावी.