वहीतली शाई पाण्यात टिकते का?

कामं आवरून रेडिओपाशी बसला असाल, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकत असाल. कशाही ऐका, पण आज ऐका, कारण आज मी आपल्या गटाच्या वहीबद्दल बोलणार आहे. वहीतल्या हिशेबाबद्दल नाही, तो तुम्हाला येतोच. तो हिशेब ज्या निळ्या शाईनं लिहितो, त्या शाईबद्दल.

तुम्ही म्हणाल, शाईत काय बोलायचं? मलाही असंच वाटायचं. आमच्या गटाची वही मी लिहिते. मला शाळेपासून शाईच्या पेनाची सवय. पेन दाबावं लागत नाही, हात दुखत नाही, अक्षर बरं येतं. एकदा भाच्यानं छान निळ्या शाईची बाटली आणून दिली. रंग इतका सुरेख, की मी वर्षभर तीच वापरली.

मग पावसाळा आला. माकडांनी घरावरचं एक कौल सरकवलं आणि रात्रभर थेंब थेंब पाणी फळीवरच्या वहीवर पडत राहिलं. सकाळी वही उघडली तर कर्जाची चार पानं नुसती निळी झालेली. रेघा होत्या, छापील रकाने होते, पण माझं अक्षर वाहून गेलेलं.

त्या पानांवर आमच्या गटातल्या एका काकूंचं कर्ज होतं. दहा हजार घेतलेले, महिन्याला हजाराचा हप्ता. काकू म्हणाल्या, मी नऊ हप्ते भरले. आमच्या अध्यक्षताईंना आठवत होते आठ. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण वहीच मुकी झाल्यावर कुणी कुणाला पटवायचं? काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, पैशांचं राहू द्या, पण मी लबाड ठरले ना चारचौघींत!

काकूंचं नशीब, की त्यांच्या छोट्या पासबुकात मी बॉलपेननं नोंदी केल्या होत्या. ते काढलं, त्यात नऊ हप्ते होते. वाद मिटला. पण मला रात्री झोप आली नाही. चूक माझीच होती. शाई निवडताना मी फक्त रंग बघितला होता.

तेव्हापासून मी शाईची माहिती घेत आले. ती आज सांगते.

निळी शाई एकाच जातीची नसते. दुकानात बाटल्या शेजारी शेजारी दिसतात, पण त्यांचं काम वेगळं असतं. एक असते धुऊन निघणारी. बाटलीवर इंग्रजीत ‘वॉशेबल’ लिहिलेलं असतं, आणि ‘रॉयल ब्लू’ नावाच्या बऱ्याच शाया या जातीच्या असतात. ही म्हणजे पाण्यात विरघळवलेला रंग. कागदावर पाणी सुकतं, रंग मागे राहतो, आणि पुन्हा पाणी लागलं की तो परत विरघळतो. ही शाई वाईट नाही. शाळेत जाणाऱ्या लेकरांसाठी हीच बरी, कारण गणवेशावर सांडली तर निघते. पण पैशांच्या वहीला ती चालत नाही.

दुसरी असते टिकाऊ. तिच्या बाटलीवर ‘परमनंट’ लिहिलेलं असतं. काही ‘ब्लू-ब्लॅक’ म्हणजे निळ्या-काळ्या शायांमध्ये लोखंडाचा क्षार असतो. ही शाई कशी काम करते ते तुमच्या स्वयंपाकघरातच बघायला मिळतं. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो ना? केळफूल विळीवर चिरलं की बोटं आणि पातं काळं होतं ना? आवळ्यातला, केळफुलातला तुरटपणा लोखंडाला भेटला की काळा रंग तयार होतो, आणि तो नुसत्या पाण्यानं जात नाही. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करायचे, ती याच गुणावर. जुन्नर-आंबेगावकडच्या डोंगरात आपल्या बहिणी जो हिरडा गोळा करतात, तोच हा हिरडा. अशा शाईनं लिहिलेलं आधी निळं दिसतं, आणि हवा लागत जाईल तसं काही दिवसांत काळपट होतं. वरचा निळा रंग पाण्यानं गेला तरी खालचं काळं अक्षर राहतं.

आपल्या महाराष्ट्राचं आणि शाईचं नातं जुनं आहे, हेही सांगते. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला, तो ‘हॉर्स ब्रँड’ नावाच्या शाईच्या पुडीपासून आणि गोळ्यांपासून. गोळी पाण्यात विरघळवायची की दौत तयार. पुढे त्यांनी फाउंटन पेनची ‘कॅमल’ शाई काढली, आणि त्यातूनच आपल्या ओळखीची कॅम्लिन कंपनी उभी राहिली.

आता मुद्द्याचं. बाटलीवरचं नाव शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या, पण नुसत्या नावावर विसंबू नका. निळी-काळी म्हणून विकली जाणारी प्रत्येक शाई लोखंडाची असतेच असं नाही. म्हणून घरी परीक्षा घ्या. एक पैसा लागत नाही.

आपल्या वहीचंच एक मागचं कोरं पान घ्या. वेगळा कागद नको, कारण कागद बदलला की शाईही वेगळी वागते. त्यावर तुमच्याकडची प्रत्येक शाई वापरून एकेक ओळ लिहा. शेजारी बॉलपेननंही एक ओळ लिहा. आठ दिवस ते पान सुकू द्या. मग पान उभं मधोमध कापा, म्हणजे प्रत्येक ओळीचा अर्धा भाग दोन्हीकडे येईल. एक अर्धा कपाटात ठेवा. दुसरा ताटात पाणी घेऊन पाव तास बुडवा, अलगद उचला आणि सावलीत वाळवा. आता दोन्ही तुकडे शेजारी ठेवा. ज्या ओळीतला आकडा अजून स्वच्छ वाचता येतो, ती शाई वहीची. जी ओळ पुसली गेली, ती शाई लेकरांची.

आणखी एक तुकडा पंधरा दिवस खिडकीत उन्हाला ठेवून बघा. काही रंग पाण्यात टिकतात पण उन्हानं विटतात. वही सात-आठ वर्षं वाचता यायला हवी, तर हेही बघितलेलं बरं.

कुणी विचारेल, मग बॉलपेनच का नको? जरूर वापरा. बहुतेक बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्यानं सहज जात नाही. काकूंची अब्रू तिनंच राखली. पण जेल पेनची मात्र हीच परीक्षा घ्या, काही जेल पाण्यात पसरतात. मी शाईचं पेन सोडलं नाही, फक्त शाई बदलली.

धुऊन निघणाऱ्या शाईचा आणखी एक धोका आहे. जी शाई पाण्यानं जाते, ती कुणी मुद्दाम पुसूनही टाकू शकतं. म्हणून पावती, ठराव, अर्ज आणि चेक यांवर ती कधीच वापरू नका. चेकच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे की फोटोत स्पष्ट उमटेल अशी शाई वापरावी आणि खाडाखोड करू नये, कारण आता चेकचा फोटो काढूनच तो पुढे जातो.

आता पेनाची काळजी. टिकाऊ शाई पेनाकडून जरा जास्त सेवा मागते. लोखंडाची शाई पेनात भरून महिनोन्महिने ठेवली तर गाळ बसतो आणि स्टीलची निब गंजते. म्हणून महिन्यातून एकदा पेन साध्या किंवा कोमट पाण्यानं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. शाई बदलायची असेल तेव्हाही आधी पेन धुवा. दोन शाया एकमेकींत मिसळू नका. कधी कधी त्या फाटलेल्या दुधासारख्या होतात आणि पेन बंद पडतं.

चित्र काढायची काळी वॉटरप्रूफ शाई किंवा शिक्क्याची शाई पेनात कधीही भरू नका. ती आत वाळली की पेन फेकायचंच.

ड्रॉपरनं शाई भरायचं पेन असेल तर ते कधी कधी शाई ओकतं, हे तुम्ही पाहिलं असेल. पेनात शाई कमी आणि हवा जास्त झाली की हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. उपाय सोपा आहे. पाव भाग शाई उरली की पुन्हा भरून घ्या, अगदी तळाला जाऊ देऊ नका.

बाटली पुरवायची म्हणून शाईत नळाचं किंवा विहिरीचं पाणी घालू नका. अक्षर फिकं होतं, पाण्यातले क्षार साठतात आणि बुरशी धरते. पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतू नका. झाकण घट्ट लावा, बाटली सावलीत ठेवा. शाईला कुबट वास आला किंवा तिच्यात तंतू दिसले तर ती टाकून द्या.

लिहिल्यावर पान लगेच मिटू नका. टिपकागद नसेल तर आपण शाळेत करायचो तसं खडूचं टोक हलकेच ओल्या शाईवर टेकवा.

कपड्यावर डाग पडलाच, तर चोळू नका. धुऊन निघणारी शाई असेल तर आधी थंड पाण्याच्या धारेखाली धरा, मग साबण लावा. डाग गेल्याशिवाय गरम पाणी किंवा इस्त्री नको. लोखंडाच्या शाईचा डाग पांढऱ्या सुती कपड्यावर असेल तर लिंबू पिळून थोडा वेळ ठेवा आणि धुवा, गरज पडली तर पुन्हा करा. ब्लीचिंग लावू नका. निळं जातं आणि मागे गंजाचा तांबूस डाग राहतो.

आमच्या गटात आता तीन नियम आहेत. नवी शाई आली की आधी ताटातली परीक्षा. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत, फळीवर नाही. आणि प्रत्येकीचं पासबुक त्याच बैठकीत भरायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

काकूंनी दहावा हप्ता भरला, तेव्हा मी नव्या शाईनं नोंद केली. काकूंनी पान जवळ ओढलं, आकड्यावर फुंकर घातली आणि मला म्हणाल्या, “आता हे पाण्यात जायचं नाही ना?” मी म्हटलं, “नाही काकू, बुडवून बघितलंय.”

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीला एक ताट, थोडं पाणी आणि वहीचं एक कोरं पान घेऊन बसा. पुढच्या वेळी भेटू.